एक सिंगापूर, तर्री कमी

आज नाशिकपासून पुण्यापर्यंत पोरंसोरं मोबाईलवर जो शब्द एकमेकांच्या तोंडावर फेकतात, तो शब्द मी काढलाय. हे मान्य करणारा जगात एकच माणूस निघाला, आणि त्यानं मला शोध लावणाऱ्यांत नाय, रोग्यांत धरलं.

शब्द म्हणजे 'सिंगापूर'. कोणी तक्रारीच्या नावाखाली स्वतःची टिमकी वाजवायला लागला, की म्हणायचं, झालं, सिंगापूर. समजा कोणी म्हणालं, काय सांगू, नवी गाडी एवढी लांब आहे की कुठं लावायला जागाच मिळत नाय. सिंगापूर. पोरगी एवढा अभ्यास करते की आम्हाला तिच्या तब्येतीची काळजी लागलीय. सिंगापूर. समोरचा गप होतो आणि आपल्याला उगाच बरं वाटतं.

माझा नाशिकरोडला मिसळीचा गाळा आहे, स्टेशनकडून कॉलनीकडं वळताना. शिक्षण चौथी. चौथीत दोन वर्षं काढली, म्हणून घरात मी पाचवीच सांगतो. मिसळ बरी असते. असं माझं म्हणणं. गिऱ्हाइकाचं म्हणणं शेवटी येईल.

ज्यांच्याबद्दल सांगायचंय त्यांना मी साहेब म्हणायचो आणि कॉलनी गप्पीकाका म्हणायची. ते हिवताप खात्यातून रिटायर झालेले. अख्खी नोकरी पेठकडच्या डोंगरात, पाड्यापाड्यावर तापाचे पेशंट शोधत आणि बोटाचं रक्त काचेवर घेत गेली. गप्पीकाका म्हणायचं कारण, डासांच्या अळ्या खाणारे गप्पी मासे ते कोणालाही, कधीही द्यायचे. लग्नाला आले की स्टेजवर चढून नवरीच्या हातात पाण्याची पिशवी ठेवायचे, रबर लावलेली, आत मासे. नवरी फोटोत तशीच. कॉलनीतल्या बऱ्याच अल्बमांत हा फोटो आहे.

गेल्या वर्षी साहेब आणि काकू लेकीकडं राहायला गेले. कुठं, ते सांगत नाय. सांगितलं तर तुम्ही म्हणाल मी पण मारतोय.

सकाळी आले की साहेब टेबलावर बसायचेच नाय. आधी मागं जायचे, जिथं माझा भांडी धुवायच्या पाण्याचा ड्रम आहे. झाकण काढायचं, शर्टाच्या खिशातून बॅटरी काढायची, भर उन्हात आत उजेड पाडायचा. मग मला सांगायचे, "आज ठीक आहे." त्यानंतर मिसळ. ज्या दिवशी ठीक नसेल त्या दिवशी खायचे नाय, पण जायचेही नाय. कोपऱ्यात बसून बाकीच्यांना खाताना बघायचे, मयताला आल्यासारखा चेहरा करून. निम्मं गिऱ्हाईक पाव तसाच टाकून उठायचं. त्यापेक्षा ड्रम घासणं स्वस्त पडायचं.

ड्रममध्ये त्यांनीच मासे सोडले होते. माझा मेव्हणा गाळ्यावर वाढायला असतो, मालेगावकडचा, मनानं चांगला. त्यानं एकदा घाईत त्याच ड्रममधून एका गिऱ्हाइकाला प्यायला पाणी दिलं. ग्लासात गप्पी. माणूस उभा राहून माझी आई काढायला लागला. साहेबांनी त्याच्या हातातून ग्लास घेतला, उजेडाकडं धरला आणि शांतपणे म्हणाले, मासा जिवंत आहे, म्हणजे पाण्यात वाईट काही नाही. त्या माणसानं पैसे दिले नाय. मासा साहेबांनी परत सोडला.

दर गुरुवारी त्यांचा कोरडा दिवस असायचा. म्हणजे कॉलनीतल्या सगळ्यांनी आपापल्या टाक्या, बादल्या, कुंड्यांखालच्या थाळ्या रिकाम्या करून कोरड्या करायच्या. खातं सुटलं तरी साहेबांचा गुरुवार सुटला नाय. सकाळपासून जिने चढायचे, बेल वाजवायचे, थाळी बघू म्हणायचे. ज्या घरात अळ्या सापडतील त्या दारावर खडूनं फुली. ती घरातल्यांनी पुसली की म्हणायचे, खूण पुसली म्हणून ताप जात नाही.

त्यांच्या बोटांची टोकं खरखरीत होती. मी एकदा विचारलं तर म्हणाले, पाड्यावर लोक सुईला घाबरायचे, म्हणून प्रत्येक घरात आधी स्वतःचं बोट टोचून दाखवायचो. एवढ्या वर्षांत सगळ्यात जास्त रक्त स्वतःचंच काढलं. हे त्यांनी 'आज ठीक आहे' म्हणायच्याच आवाजात सांगितलं.

आता शब्द कसा निघाला ते. आमच्याकडं ऑर्डर सरळ ओरडायची नाय असा रिवाज आहे. शेव जास्त पाहिजे तर 'गड'. पापड नको तर 'उघडी'. तर्री वेगळ्या वाटीत पाहिजे तर 'जोडपं'. सकाळच्या गर्दीत एक वयस्कर बाई आल्या. मी चेहरे बघत नाय, ताटं बघतो, त्यामुळं कोण ते विचारू नका. त्या म्हणाल्या, तर्री कमी द्या हं, सिंगापूरला राहून आले ना, पोट नाजूक झालंय. माझ्या जिभेला हाड नाय. मी मागं बघून ओरडलो, "एक सिंगापूर, टेबल दोन!"

शेजारी कॉलेजची पोरं बसली होती, ती लोळली. बाई पण हसल्या थोड्या. खाल्लं, पैसे दिले, गेल्या. त्या दिवसापासून तर्री कमी म्हणजे सिंगापूर.

तिथंच राहिलं असतं तर ठीक होतं. पण काही दिवसांनी एक पैलवान गडी आला. म्हणाला, मालक, मला बारीक व्हायचंय, पण जिमवाला म्हणतो तुम्हाला गरजच नाय, आता काय करू? त्यानं तर्री काय कमी मागितली नव्हती. तरी मेव्हणा माझ्या कानाशी येऊन त्याच्या अहिराणीत म्हणाला, "दाजी, हाऊ भी सिंगापूर शे." म्हणजे हा पण सिंगापूर आहे. शब्द मिसळीतून उठून माणसाला चिकटला तो इथं. हे श्रेय मी मेव्हण्याला कधी दिलं नाय, आता कागदावर येतंय म्हणून देतो.

मग त्या कॉलेजच्या पोरांनी माझ्याच गाळ्यात रील बनवलं. एक पोरगा तोंड पाडून म्हणतो, यार, एवढ्या कंपन्यांचे फोन येतात की झोप होत नाय. दुसरा ओरडतो, एक सिंगापूर, टेबल दोन. मागं मी दिसतो. म्हणजे माझी पाठ दिसते, बनियनला भोक आहे ते पण दिसतं. ते रील कुठं कुठं गेलं देवाला माहीत. महिन्या दोन महिन्यांनी एक नवं पोरगं मला म्हणालं, काका, एसजी नका मारू. मी विचारलं एसजी म्हणजे काय. तो म्हणाला, सिंगापूर, पुण्याचा शब्द आहे, तुम्हाला नाय कळायचा. माझाच शब्द पुण्याला जाऊन डिग्री घेऊन आला होता आणि बापाला ओळख देत नव्हता.

एका सकाळी साहेब आले आणि ड्रमकडं न जाता सरळ टेबलावर बसले. मला वाटलं कोणी वारलं. त्यांनी विचारलं, "सिंगापूर हा शब्द तू कोणाकडून ऐकलास?"

मी छाती काढून सांगितलं, मी काढलाय.

ते म्हणाले, प्रत्येक पेशंटला वाटतं आपल्याला माहिती आहे ताप कुठून आला. पुरावा काय?

पुरावा म्हणजे बनियनचं भोक. ते त्यांनी मानलं नाय.

मग त्यांनी कारण सांगितलं. त्यांची लेक सिंगापूरला असते. कॉलनीत तसं दर दुसऱ्या जिन्यात कोणाचं ना कोणाचं पोरगं बाहेर आहे. काकू लेकीच्या बाळंतपणाला तिकडं राहून आल्या होत्या. आल्यावर संध्याकाळी बाकावर बायकांत बसून नातीचं सांगायच्या, रोज नवीन काहीतरी. मग हा शब्द कॉलनीत शिरला. काकू बाकावर जायच्या बंद झाल्या. मग घरातही नातीचं नाव निघेना. लेकीचा फोन आला की काकू आतल्या खोलीत जाऊन दार लोटून घ्यायच्या.

"नात चालायला लागली," साहेब म्हणाले. "मला जावयाकडून कळलं."

ड्रमचा रिपोर्ट द्यावा तसं सांगितलं आणि मिसळ न मागता उठले. जाताना म्हणाले, शब्द कोणी आणला ते शोधलं की तिला परत बोलती करता येईल.

मला वाईट वाटलं. पण खरं सांगतो, त्याहून जास्त वाटलं की चला, सरकारी माणसानं चौकशी काढलीय, आता आपलं नाव होणार.

ज्या पद्धतीनं त्यांनी आयुष्यभर ताप शोधला त्याच पद्धतीनं शब्द शोधायला लागले. घरोघर जाऊन बेल वाजवायची. तुम्ही शब्द वापरता का? पहिल्यांदा कोणाकडून ऐकला? वापरल्यावर कसं वाटलं? जो हो म्हणेल त्याच्या दारावर फुली. गुरुवारच्या फुलीची सवय होती, पण ही फुली कशाची ते कळल्यावर सोसायटीचे सेक्रेटरी भडकले. त्यांच्याच दारावर होती. म्हणाले, साहेब, हे असं दारं रंगवणं शोभतं का, मला तर एवढे लोक भेटायला येतात, सगळे विचारतात, उत्तर देऊन देऊन थकलो. साहेबांनी खडू काढला आणि आणखी एक फुली मारली.

कोणाकडून कोणाकडं गेला याची साखळी त्यांनी माझ्या शटरवर खडूनं काढली. जागा मोठी होती म्हणून. सकाळी मी शटर वर केलं की साखळी गुंडाळून वर जायची आणि दुपारी खाली ओढलं की परत दिसायची. येणारेजाणारे थांबून आपलं नाव शोधायचे. नाव नसलं की नाराज व्हायचे. काहींनी तर येऊन सांगितलं, आम्ही पण वापरतो, आम्हाला का नाय घेतलं.

मेव्हण्यानं मालेगावला फोन लावून विचारलं तर शब्द तिथं पोचला होता. पेठच्या जुन्या ओळखीच्या माणसानं साहेबांना वेगळंच सांगितलं. तिकडं लोकांना वाटत होतं की सिंगापूर नावाचा कोणी बढाईखोर माणूस नाशिकला होऊन गेला. साहेब त्या दिवशी लय खुश होते. म्हणाले, शब्द नव्या गावात गेला की अंगरखा बदलतो, आतला जंतू तोच.

खाताना ते असं काय काय बोलायचे आणि मला निम्मं कळायचं. कळलं ते एवढं. शब्दाला पाय नसतात, त्याला डास लागतो, आणि हल्ली प्रत्येकाच्या खिशात एक डास आहे, चार्जिंगवाला. बरं, सगळेच शब्द कुठं पसरतात? बरेच एका तोंडात जन्मतात आणि तिथंच मरतात. मी विचारलं, मग हाच का जगला? ते पाव मोडत म्हणाले, "जो शब्द वापरल्यावर वापरणाऱ्यालाच हुशार वाटतं, तो मरत नाही. तू दुसऱ्याला सिंगापूर म्हणतोस तेव्हा तू न बोलता काय सांगतोस? की मला कळलं बघ. म्हणजे फुशारकी तूच मारलीस, आणि फुली त्याच्या दारावर."

मी म्हणालो, म्हणजे शब्द वापरणारा पण सिंगापूर?

ते म्हणाले, म्हणून तर पसरतो.

शेवटी साखळी पुरी झाली. बायकांनी मुलांकडून, मुलांनी कॉलेजातून, कॉलेजनं रीलमधून, रील माझ्या गाळ्यातून. साहेबांनी शटरच्या सगळ्यात वर गोल काढला आणि त्यात माझं नाव लिहिलं. मी त्या दिवशी सगळ्या टेबलांना जिलबी फुकट वाटली. साहेबांनी त्यांच्या ताटातली बाजूला सारली. म्हणाले, पहिल्या पेशंटची मिरवणूक काढत नाहीत.

मग ते साखळीच्या खालच्या टोकाकडं बघत उभे राहिले. तिथं त्यांचं स्वतःचं घर होतं. घराकडं बाण कुठूनच येत नव्हता. कॉलनीतल्या एकाही बाईनं काकूंच्या तोंडावर तो शब्द काढला नव्हता. त्यांनी सगळ्यांना विचारलं होतं. साहेबांनी क्रम उलटा धरला होता: काकू बाकावरून उठल्या त्या नंतर, आधी त्या घरात गप झाल्या होत्या.

"घरात दोनच माणसं," साहेब म्हणाले. "तिनं आणला नाही."

मग त्यांनी सांगितलं. एकदा जेवताना काकू म्हणाल्या होत्या, नात एवढी बडबड करते की लेकीचं डोकं उठतं. साहेब त्या सकाळी माझ्याकडं मिसळ खाऊन गेले होते आणि शब्द कानात ताजा होता. ते म्हणाले, झालं, सिंगापूर. त्यांना वाटलं विनोद झाला. विनोद करायची त्यांना सवय नव्हती, म्हणून लक्षात राहिला. काकू हसल्या, भाजी वाढली आणि त्यानंतर नातीबद्दल काही बोलल्या नाय.

साहेबांनी माझ्या गोलापासून स्वतःच्या घरापर्यंत सरळ बाण काढला. मग घरी जाऊन स्वतःच्या दारावर फुली मारली. काकूंनी कारण विचारलं नाय. ओलं फडकं आणून पुसून टाकली.

आता इलाज. आधी त्यांनी सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर कोरडा दिवस लावला. गुरुवारी कोणी काही टाकायचं नाय. लोकांनी पाळला. आणि मोबाईलवर अडकलेलं सगळं संध्याकाळी बाकावर येऊन तोंडी सांगितलं. त्या गुरुवारी कॉलनीत जेवढं सिंगापूर झालं तेवढं आधी झालं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी साहेब आले, ड्रम बघितला आणि गाळ्याच्या मधोमध उभे राहिले. शाळेत प्रतिज्ञेला उभं राहतात तसे. मोठ्यानं म्हणाले, "माझी नात चालायला लागली. मला अभिमान आहे. तक्रार काही नाही."

चमचे थांबले. मेव्हण्याला काय ओरडावं सुचेना. शेवटी तो ओरडला, "एक साधी!"

साहेबांचं म्हणणं, तक्रार म्हणजे साचलेलं पाणी, शब्द त्यातच अंडी घालतो. पाणीच ठेवलं नाही तर तो बसणार कुठं? सरळ सांगायचं, आनंद झाला, संपलं. मी म्हणालो, लोक हसतील. त्यांनी खरखरीत बोट दाखवलं. आधी स्वतःचं.

ते रोज सांगायला लागले. थोडी लागण झाली पण. रोज येणारा एक रिक्षावाला उभा राहून म्हणाला, माझा पोरगा दहावी पास झाला, काठावर, लय आनंद झाला. त्याला मी तर्री वाढली. पण ते शटरच्या बाहेर काय गेलं नाय. सिंगापूर आठवड्यात पुण्याला पोचलं होतं, आनंद रस्त्यापलीकडच्या चहावाल्यापर्यंत पण पोचला नाय.

आणि साहेबांची अडचण वेगळीच होती. रोज सांगायला बातमी कुठून आणणार? घरी विचारायचे, आज नातीनं काय केलं. काकू म्हणायच्या, काही नाही. जावई कामात. मग साहेब अंदाजानं सांगायला लागले. आयुष्यात ज्या माणसानं एक अळी जास्त लिहिली नसेल तो माझ्या गाळ्यात उभा राहून म्हणाला, नातीला सगळे दात आले. दुसऱ्या दिवशी, नात जिना चढते. त्याच्या पुढच्या दिवशी, नातीला पाढे येतात. हे कॉलनीत जाणारच. बायका जिन्यात काकूंना गाठून विचारायला लागल्या, अहो, पाढे? एवढ्यात?

मग ती सकाळ. साहेब उभे राहिले आणि म्हणाले, "माझी नात इंग्रजी कविता म्हणते. मला अभिमान—"

"तिला अजून आजी म्हणता येत नाही," दारातून आवाज आला. "दात दोन आहेत. आणि ती म्हणेल तेव्हा मराठीत म्हणेल."

काकू होत्या. पिशवी घेऊन, घरच्याच साडीवर. साहेब प्रतिज्ञेतून खाली बसले. काकू त्यांच्यासमोर बसल्या, पिशवीतून मोबाईल काढला आणि म्हणाल्या, सांगायचंच आहे तर नीट सांगा. मोबाईल आधी साहेबांना दाखवला, मग शेजारच्या टेबलाला, मग रिक्षावाल्याला. मी पण बघितला. एक छोटी पोरगी सोफा धरून चार पावलं टाकते, पडते आणि टाळ्या वाजवते. मेव्हण्यानं तोंड उघडलं होतं, मी त्याच्या पायावर पाय दिला. साहेबांनी तो व्हिडिओ परत लावायला सांगितला. मग चष्मा पुसत ड्रम बघायला मागं गेले. ड्रम त्यांनी आधीच बघितला होता.

आता मी गप बसायला पाहिजे होतं. पण काकूंना माझी ओळख व्हावी असं मला वाटलं. मी टेबल पुसत म्हणालो, काकू, हा शब्द काढला तो मीच बरं का. काय सांगू, लय त्रास झालाय. लोक गाळ्याचा फोटो काढायला येतात, मिसळ वाढायला वेळ मिळत नाय.

मागून मेव्हणा ओरडला, "एक सिंगापूर, टेबल दोन!"

सगळे हसले. मी पण हसलो आणि विषय बदलायला विचारलं, काकू, तुम्हाला काय देऊ, तर्री कमी का?

काकूंनी माझ्याकडं बघितलं. तेव्हा मला पहिल्यांदा वाटलं की हा चेहरा मी बघितला असेल, ताटाच्या पलीकडं.

"कमीच दे," काकू म्हणाल्या. "सिंगापूरला माझं पोट एक दिवस बिघडलं नव्हतं. परत आल्यावर गुरुवारी, हे जिने चढत होते तेव्हा, गुपचूप तुझ्याकडं येऊन मिसळ खाल्ली आणि दोन दिवस झोपून होते. पुढच्या वेळी आले तेव्हा तोंडावर कसं सांगायचं म्हणून सिंगापूरचं नाव घेतलं. तू शब्द काढला नाहीस, बाबा. तू मटकी नीट शिजवली नाहीस."